दंतकार ओर्टलेपची वाटणी

येना, गुरुवार, दि. ५ फेब्रुवारी २००४
दुपारी ३ वाजून १० मिनिटे

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

तुझे रजिस्टर पाकीट आले तेव्हा मी जिना पुसत होतो. इमारतीत एकेक आठवडा एकेका बिऱ्हाडाची पाळी असते आणि तशी पाटी दाराला अडकवतात. सध्या ती पाटी आमच्या दारावर आहे. हात कोरडे करून सही केली, पायरीवर बसूनच पाकीट फोडले, आणि नंतर उरलेल्या अकरा पायऱ्या पुसायच्या राहून गेल्या.

बाबांना जाऊन तीन महिनेही झाले नाहीत. अकरा नोव्हेंबरला ते गेले तेव्हा माझा पासपोर्ट इथल्या परदेशी लोकांच्या कचेरीत अडकला होता, म्हणून मला येता आले नाही. हे तुला ठाऊक आहे. बाबांनी मृत्युपत्र केले नाही, म्हणजे मिरजेचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या आई, तू आणि मी अशा तिघांच्या. आता तू हक्कसोडपत्र पाठवले आहेस, की मी माझा तिसरा हिस्सा तुझ्या नावे राजीखुशीने सोडत आहे. कागद मी तीनदा वाचला. आपल्याकडे असा कागद बहिणींकडून घेतात. कुसुमआत्याने बाबांना लिहून दिला होता तो मी पाहिला आहे, बदल्यात तिला पैठणी मिळाली. मला तो कोणत्या नात्याने पाठवलास, एवढे कळव.

इकडे आम्ही बरे आहोत. स्वरूपाचे संशोधन ठीक चालले आहे. ती सकाळी साडेसातला भिंगांच्या प्रयोगशाळेत जाते. मलाही एका दातांच्या लॅबमध्ये काम मिळण्याचे जवळजवळ ठरले आहे. तोवर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, फ्राऊ ओर्टलेप, यांचे एक काम हाती घेतले आहे. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि डोळ्यांनी फार थोडे दिसते. त्यांचे पणजोबा आउगुस्ट ओर्टलेप इथे दात करायचे. डॉक्टर नव्हते, आपल्या बाबांसारखेच हातावर शिकलेले. त्या काळी अशा माणसाला इथे त्सानक्युन्स्टलर म्हणत, म्हणजे दातांचा कलाकार. त्यांचे १८८७ सालचे मृत्युपत्र जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात आहे. मी भिंग घेऊन एकेक अक्षर ओळखतो आणि साध्या लिपीत उतरवतो. मला अर्थ लागत नाही, पण अक्षर लागते. दर गुरुवारी बाईंना वाचून दाखवतो आणि त्या मला सोप्या जर्मनमध्ये अर्थ सांगतात.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
रुपेश

•

मिरज, १९ फेब्रुवारी २००४

चि. रुपेश यास अनेक आशीर्वाद. (हे लिहिलं की मला उगाच साठीला आल्यासारखं वाटतं.)

अरे, एवढं काय लावून घेतलंस? वकिलाच्या टायपिस्टकडे हक्कसोडपत्राचा एकच मजकूर आहे. त्यात ‘बहीण’ खोडून त्याने ‘भाऊ’ केलंय. चौथ्या परिच्छेदात तुला अजून ‘सदर महिला’ म्हटलंय, ते सहीआधी दुरुस्त कर, नाहीतर स्वरूपाला मिश्या लावून तुझा नवरा व्हावं लागेल.

नातं वगैरे काही नाही. बँक म्हणते, जागा एका नावावर करा, मग कर्ज देतो. तीस एप्रिलच्या आत कागद हवेत. क्ष-किरणाचं मशीन नाही म्हणून पेशंट सांगलीला जातात, आणि खुर्ची बाबांच्या वेळची, पंप मारला की वर जाते आणि पेशंटने आ केला की हळूहळू खाली येते. तुझ्या हिश्शाची रक्कम मी दोन-तीन वर्षांत देईन. लिहून देत नाही, शब्द देतो. आई माझ्याकडेच आहे आणि राहील.

आता माझं एक काम. खालची कवळी बाबा कशी बसवायचे रे? वरची माझी ठीक बसते. खालची मात्र बोलताना उठते. बाबांनी अंथरूण धरल्यापासून पाच महिन्यांत नऊ जणांनी परत आणून दिल्या. बुधगावचे एक गुरुजी तर रुमालात बांधून आणून टेबलावर ठेवून गेले. म्हातारी माणसं सांगतात की तुझे वडील आम्हाला मेणाची कवळी घालून पाढे म्हणायला लावायचे, आणि हसतात. पण पुढे बाबा नेमकं काय करायचे ते कुणालाच सांगता येत नाही. तू सहा वर्षं शेजारी होतास. जरा सविस्तर लिही.

लॅबचं ठरतंय हे वाचून बरं वाटलं. नशीबवान आहेस. हेवा वाटतो तुझा.

तुझा,
श्रीरंग

•

येना, गुरुवार, दि. ४ मार्च २००४
रात्री ८ वाजून ४५ मिनिटे

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

आत्ताच खालून वर आलो आणि लिहायला बसलो आहे, कारण आज वाचले ते उद्यापर्यंत ठेववणार नाही.

आउगुस्ट ओर्टलेपना दोन मुलगे होते. थोरला हेर्मान, त्याला त्यांनी लाइप्त्सिश शहरात चार वर्षे शिकवून खरा दंतवैद्य केले. धाकटा ओटो, त्याला चौदाव्या वर्षी कामाच्या बाकावर बसवले. ओटो कवळ्यांचे रबर भट्टीत शिजवायचा, चिनी मातीचे दात घासायचा आणि बापाचे पायाने चालवायचे गिरमिटाचे चाक दुरुस्त ठेवायचा. वय चोपन्न झाल्यावर, छातीत दुखू लागल्यामुळे, बापाने मृत्युपत्र लिहिले. ते असे:

बायको बेर्टा हिला मरेपर्यंत घरात राहण्याचा हक्क आणि सगळी चिनी भांडी. धाकट्या ओटोला घर, बाक, भट्टी, दातांचे सगळे खण आणि भरायचे सोने जितके शिल्लक असेल तितके. थोरल्या हेर्मानला पुस्तके. बाकी काही नाही, कारण त्याचा वाटा त्याला आधीच पोचला आहे. चार वर्षे, दर वर्षी नऊशे साठ मार्क, मिळून तीन हजार आठशे चाळीस. शिवाय परीक्षेला जाताना घेतलेली उंच टोपी, चौदा मार्क.

टोपीसुद्धा धरली आहे, दादा. मी तो आकडा चार वेळा तपासला.

फ्राऊ ओर्टलेप या ओटोची नात. त्या मान हलवून म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर. शिक्षण हाही वारसाच असतो. खाऊन झालेला वारसा.” मला हे कोणी कधी सांगितले नव्हते. मला वाटायचे की तू हुशार म्हणून शिकलास आणि मी साधा म्हणून बाकावर बसलो, त्यात हिशोब कसला. अकरावीतून मला काढले तेव्हा बाबा एवढेच म्हणाले होते की दोघांचे झेपणार नाही. मग मी ज्या कवळ्या घासल्या त्यातूनच तुझी फी गेली ना?

म्हणून मीही मांडले. देणगी १,१०,०००. फी चार वर्षे, दर वर्षी ६२,०००, म्हणजे २,४८,०००. हॉस्टेल आणि मेस अठ्ठेचाळीस महिने, दरमहा १,४००, म्हणजे ६७,२००. हत्यारे आणि पुस्तके ३१,०००. एकूण ४,५६,२०० रुपये. दुकान आणि खोल्यांची किंमत तूच नऊ लाख सांगितली होतीस, म्हणजे एकेकाचा वाटा तीन लाख. तुझा वाटा तुला पोचला आहे. वर १,५६,२०० जास्त गेले आहेत, ते मी मागत नाही. मात्र हक्कसोडपत्र कोणी कोणाला लिहून द्यायचे याचा विचार तूच कर.

खालच्या कवळीचे विचारले आहेस. तुझ्या पुस्तकांत असेलच. एकतीस हजारांची आहेत.

आईस नमस्कार.

रुपेश

ता. क. मृत्युपत्राला आणखी एक पान जोडलेले आहे, १८९१ सालचे. ते मी उतरवून ठेवले आहे, पण बाई दमल्या म्हणून अर्थ पुढच्या गुरुवारी लागेल.

•

येना, शुक्रवार, दि. १२ मार्च २००४
सकाळी ६ वाजून २० मिनिटे

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

माझे ४ तारखेचे पत्र आले असेल तर आईला दाखवू नकोस, आणि आले नसेल तर उघडू नकोस. काल दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आईने उचलला आणि तू पेशंटमध्ये आहेस म्हणाली. तिच्या आवाजावरून पत्र अजून पोचलेले नसावे. तिला मी काही सांगितले नाही.

काल ते जोडपान वाचून झाले. लाज वाटते ती याची, की ते माझ्याच हाताने उतरवलेले, माझ्याच स्वच्छ अक्षरात आठवडाभर टेबलावर पडून होते. एकही अक्षर चुकले नव्हते. फक्त त्यात काय लिहिले आहे ते मला कळत नव्हते, आणि तेवढ्यात मी तुला पत्र टाकून मोकळा झालो.

त्यात आउगुस्ट लिहितो: मृत्युपत्रातला मजकूर मी ओटोच्या आग्रहावरून हेर्मानला वाचून दाखवला. दुसऱ्या महिन्यापासून दर तिमाहीला पोस्टाने दोनशे चाळीस मार्क येऊ लागले. सोबत पत्र नाही. आता चार वर्षे होत आली, सगळी रक्कम फिटली, आणि शेवटच्या पाकिटात टोपीचे चौदा मार्क वेगळ्या कागदात गुंडाळून आले आहेत. या चार वर्षांत हेर्मान या घराची पायरी चढलेला नाही. पैसे मी प्रत्येक वेळी मोजले. बरोबर भरले. माझ्या मागे ते पैसे कोणीतरी लाइप्त्सिशला नेऊन द्यावेत, आणि घर दोघांत सारखे करावे.

मी विचारले, नेऊन दिले का? आम्ही त्यांच्या काचेच्या व्हरांड्यात बसलो होतो. फ्राऊ ओर्टलेप म्हणाल्या की हा व्हरांडा ओटोआजोबांनी अठराशे त्र्याण्णवमध्ये बांधला, बाप गेल्यावर वर्षभरात, आणि पैसे कुठून आले ते आमच्यात कधी कोणी विचारले नाही. लाइप्त्सिशला ओर्टलेप नावाचे दंतवैद्य आहेत एवढेच त्यांना लहानपणी ठाऊक होते. आडनावबंधू असतील असे घरात सांगत.

स्वरूपाला मी हे सगळे सांगितले तेव्हा तिने आधी तुझे पत्र मागितले आणि मग माझ्या पत्राची प्रत. मी प्रती ठेवतो हे तिला माहीत आहे. वाचून ती म्हणाली, “अरे, तू सख्ख्या भावाला बिल पाठवलंस?”

दादा, ते पत्र फाडून टाक. उलटटपाली काहीतरी लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझा,
रुपेश

•

मिरज, १८ मार्च २००४

श्री. रुपेश दिनकर शिराळकर यांस स. न. वि. वि.

आपले दि. ४ मार्चचे पत्र मिळाले. हिशोब तपासला. देणगीची रक्कम १,१०,००० नसून १,१५,००० होती. पाच हजार बाबांनी कुसुमआत्याकडून घेतले होते, ते आपणास ठाऊक नसावे. बाकी आकडे मान्य आहेत.

जुनी खुर्ची आणि कॉम्प्रेसर विकून आलेले २५,००० रुपये आपल्या मिरजेच्या खात्यात भरले आहेत. पावती सोबत जोडली आहे. उरलेली रक्कम दर तिमाहीस भरीत जाईन. बँकेतून कर्जाची फाईल परत मागितली आहे. हक्कसोडपत्र पाठवू नये. दुकान एक मेपासून बंद करून सांगलीच्या एका दवाखान्यात नोकरी धरीत आहे. दुकानाचे काय करावयाचे ते आपण आणि आईने ठरवावे.

आपण मांडलेल्या हिशोबात एक बाब नाही, ती माहितीसाठी कळवतो. मी पदवी घेऊन घरी आलो त्या दिवशी मागच्या खोलीत गेलो. बाकाला दोन स्टुले होती, एकावर बाबा आणि एकावर आपण. मी पुढून तिसरे स्टूल आणून मध्ये सरकवले. आपण मेणावरची मान वर केली नाही. बाबा उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमची जागा पुढे.” मला वाटले थट्टा करतात. त्यानंतर पाच वर्षे, शेवटच्या दिवसापर्यंत, त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हटले. आपणास ते ‘रुप्या’ म्हणत. मेण कसे धरावे हे त्यांनी मला एकदाही दाखवले नाही. मागितले तर म्हणत, हे हलके काम तुम्ही कशाला करता. शेवटच्या आजारात त्यांच्या तोंडात आपण केलेली कवळी होती. सैल झाली होती. मी नवीन करतो म्हटले तर त्यांनी तोंड मिटून घेतले.

चार लाख एकसष्ट हजार दोनशेच्या मोबदल्यात मी स्टुलांची अदलाबदल केली असती. अजूनही करीन. परंतु तसा कागद वकिलाकडे नाही.

आईने आपले पत्र वाचले. ती म्हणाली, “एका ताटातली शितं मोजायला बसलात, आता ताटं वेगळी करा.” जेवली मात्र नाही.

कळावे.

श्रीरंग

•

येना, शुक्रवार, दि. २ एप्रिल २००४
सकाळी ९ वाजून ५ मिनिटे. बर्लिनहून काल रात्री परतलो, कुरिअरवाला अकराला येणार आहे

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र सोमवारी आले. तू मला ‘आपण’ लिहिलेस ते दोनदा वाचले आणि पुढे वाचण्यापूर्वी पाणी प्यायलो. आतापर्यंत माझे १२ तारखेचे पत्रही तुला मिळाले असेल. त्यानंतर मी पाच वेळा फोन केला. तू आलाच नाहीस. म्हणून आता जे करायचे ते कागदावर करतो. मला तेवढेच येते.

आधी खोटे काय लिहिले ते सांगतो. इथल्या लॅबमध्ये माझे काही ठरलेले नव्हते. जानेवारीतच त्यांनी नाही म्हणून कळवले होते. मालकाने मी केलेली कवळी उजेडात धरून पाहिली, काम चांगले आहे म्हणाला, आणि मग कोणत्या शाळेचे प्रमाणपत्र आहे ते विचारले. मी दहावीचे गुणपत्रक पुढे केले. त्याने ते दोन्ही हातांनी परत दिले. त्या दिवसापासून मला तुझी पदवी डोळ्यांसमोर दिसते, चौकटीतली, पुढच्या खोलीत टांगलेली. तुझे हक्कसोडपत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आले. मला वाटले, पदवी तर घेतलीच, आता मागची खोलीही घेणार.

तो हेवा गेलेला नाही. तुझे स्टुलाचे वाचले तेव्हा आधी वाईट वाटले आणि लगेच बरेही वाटले, की एक गोष्ट तरी माझ्याकडे होती आणि तुझ्याकडे नव्हती. हे लिहिणे शोभत नाही, तरी लिहितो. तू स्टूल घेऊन आलास ते मला आठवते. मी मान मुद्दाम वर केली नव्हती. मी सरकलो असतो तर तिघांना जागा होती. बाक साडेसहा फुटांचा आहे.

आता खालची कवळी. ही बाबांची रीत मी तुझ्यापासून मुद्दाम लपवली. बाबांनी तसे सांगितले नव्हते. मीच तू परत आल्यावर खालच्या कवळीचे पेशंट दुपारी बोलवायचो, तू जेवायला वर गेलास की. रीत अशी: मेणाची कवळी, दात लावलेली, तोंडात घालायची आणि माणसाला वीस मिनिटे नुसते बसू द्यायचे. कोमट पाणी द्यायचे. मग पाढे म्हणायला लावायचे. ते थट्टेसाठी नव्हते. पाढे पाठ असतात, त्यामुळे माणूस जपून बोलत नाही, नेहमीसारखा बोलतो. बाबा त्या वेळी तोंडाकडे बघत नसत, डोळे मिटून ऐकत. शेवटी एकसष्ट ते एकोणसत्तर आकडे भरभर म्हणायला सांगत. त्यात स आणि ष एकसारखे येतात. शीळ वाजली तर पुढचे दात पुढे आले आहेत, ते आत घ्यायचे. टक असा आवाज आला तर दात उंच झाले आहेत, उंची उतरवायची. आवाज नसताना कवळी उठली तर जिभेकडची कड लांब आहे, ती तासायची, पण एका वेळी नखभरच, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे. बाबा एका माणसाला दीड तास देत. ज्यांना पाढे येत नसत त्या बायकांना ते ओव्या म्हणायला लावत आणि मग दोन तास लागत. बुधगावच्या गुरुजींना आधी बोलाव, त्यांना एकोणतीसचाही येत असणार. लिहिलेले समजले नाही तर फोन उचल, मी इथून तोंडाने सांगतो.

आता कागद. हक्कसोडपत्रावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. माझा वाटा मला हवा आहे. तो सोडला तर मिरजेला आल्यावर मी दुसऱ्याच्या घरी उतरलो असे होईल. पण बँकेला जागा तारण ठेवायची तर माझी संमती पुरते, असे स्वरूपाने तिच्या ओळखीच्या एका वकिलांना फोनवर विचारले. म्हणून बर्लिनला आपल्या दूतावासात जाऊन दोन कागदांवर शिक्का आणला आहे. एक, तारणाला माझी संमती. दुसरा, तुझ्या नावे कुलमुखत्यारपत्र, माझ्या हिश्शाचे जे करायचे ते तू माझ्या सहीशिवाय करू शकतोस. खिडकीवरच्या बाईंनी मला दोनदा विचारले, भावाला सगळे अधिकार देता, नीट वाचले ना? मी म्हटले, मी सगळेच नीट वाचतो, अर्थ मात्र उशिरा लागतो. त्यांना काही कळले नाही. शिक्का मारला.

वकील म्हणाले की हे कुलमुखत्यारपत्र दुरुपयोगाला सोपे आहे, हक्कसोडपत्रापेक्षा जास्त. ते मला माहीत आहे.

फाईल बँकेत परत दे. तीस एप्रिलला अजून अठ्ठावीस दिवस आहेत, कुरिअर सहा दिवसांत पोचते. दुकान बंद करू नकोस. सांगलीच्या नोकरीला अजून हो म्हटले नसेल तर म्हणू नकोस, आणि म्हटले असेल तर आजारी पड. आईला सांग की ताटे वेगळी करायची नाहीत. हे मी सांगितलेले तिला पटणार नाही, म्हणून तू सांग.

फ्राऊ ओर्टलेप यांनी मला परवा लाइप्त्सिशच्या टेलिफोनच्या पुस्तकातून ओर्टलेप नावे शोधायला लावली. तीन निघाली. त्यांनी अजून एकालाही फोन केलेला नाही, पुस्तक मात्र व्हरांड्यात उघडे ठेवले आहे.

तू मला परत ‘तू’ लिहिशील की नाही हे मला या पत्राच्या उत्तरापर्यंत कळणार नाही. तोवर हिशोब पुरा करतो, कारण मागचा मी चुकीचा केला होता.

तुझा,
रुपेश

खर्च:
येना ते बर्लिन आणि परत, रेल्वे: ६२ युरो
दोन कागदांच्या शिक्क्यांची फी: २० युरो
छायाप्रती: ३ युरो
कुरिअर: ३८ युरो
एकूण: १२३ युरो

जमा: मृत्युपत्र उतरवल्याबद्दल फ्राऊ ओर्टलेप यांनी पाकिटात दिले, ५० युरो
स्वरूपास देणे: ७३ युरो

दादास परत: मिरजेच्या खात्याचा सही केलेला चेक सोबत आहे, रु. २५,०००. खुर्ची विकत घेणाऱ्याने परत दिली तर ठीक, नाहीतर नवी घे.
कुसुमआत्यास देणे: रु. ५,०००, दोघांनी निम्मे निम्मे.

दुरुस्ती: तुझी मेस मी अठ्ठेचाळीस महिने धरली होती. दर वर्षी मे आणि जून तू घरी असायचास, गच्चीत माझ्याच गादीवर झोपायचास, आणि जेवायचास आमच्यातच. ते आठ महिने मी तरीही तुझ्या नावावर लावले. दरमहा १,४०० प्रमाणे रु. ११,२००. हे मी तुला देणे लागतो.